एक खोका, एकदम ओके!

वाइनच्या एका बाटलीत किती वाइन असते? ७५० मिली. म्हणजे १५० मिलीचे पाच ग्लास. आता तुम्हीच सांगा, मंगळवारी रात्री साडेनऊला घरी पोचलेल्या आणि बुधवारी सकाळी पुन्हा लोकल गाठायची असलेल्या माणसाला पाच ग्लास वाइन लागते का? नाही ना? त्याला हवा असतो एक ग्लास. फार तर दीड. मग उरलेल्या साडेतीन ग्लासांचं काय? ते बिचारे फ्रीजच्या दारात, पाण्याच्या बाटल्यांना खेटून उभे. गुरुवारी ठीक. शनिवारी ‘चालेल’. आणि सोमवारी बूच उघडून वास घेतला की चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरमधल्या मिरच्या आठवतात!

बरं, हजाराच्या आसपासची बाटली. बेसिनमध्ये ओतताना हात जड होतो. म्हणून मग काय करतो आपण? ‘उघडलीच आहे तर संपवू’ म्हणत तिसरा, चौथा ग्लास भरतो. इच्छा नसताना. म्हणजे किती प्यायचं हे आपण ठरवत नाही, बाटली ठरवते. मला या प्रकाराचा मनस्वी राग आहे. पूर्वी चार-सहा माणसांच्या जेवणाच्या टेबलावर बाटली एका बैठकीत संपत असेलही. पण केबिन रोडवरच्या वन बीएचकेत दोन मुली राहतात, त्यातली एक कॅलरी मोजते आणि दुसरी डेडलाइन्स. आमच्या हिशोबात ही बाटली बसतच नाही.

गंमत म्हणजे या दुखण्यावरचं औषध जगात साठ वर्षांपासून आहे. त्याला म्हणतात खोका. हो हो, २०२२ पासून महाराष्ट्रात ‘खोके’ म्हटलं की लोक खुदकन हसतात, माहितेय मला. हसून घ्या. मी बोलतेय पुठ्ठ्याच्या खोक्याबद्दल. आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला खाली एक छोटी तोटी, आणि पिशवीत दोन किंवा तीन लिटर वाइन.

फंडा एकदम साधा आहे. वाइनचा शत्रू नंबर एक म्हणजे हवा. बाटलीतून एक ग्लास ओतला की त्या जागी एक ग्लास हवा आत शिरते. ओतत जाल तशी वाइन कमी, हवा जास्त. हवेतला ऑक्सिजन आधी फळाचा तजेला मारतो, मग तो शिळा, कापलेल्या सफरचंदासारखा वास आणतो, आणि शेवटी उरलेलं काम बॅक्टेरिया करून व्हिनेगर बनवतात. बूच कितीही घट्ट लावा, हवा आधीच आत बसलेली असते! पिशवीचं तसं नाही. तोटी दाबली की वाइन बाहेर येते आणि पिशवी तेवढीच आक्रसते. बाहेरच्या हवेचा दाब तिला चेपत राहतो, आत पोकळी उरतच नाही. त्यामुळे उघडलेली बाटली तीन ते पाच दिवसांत मान टाकते, पण उघडलेला खोका फ्रीजमध्ये चार ते सहा आठवडे आरामात टिकतो. आठवडे, बॉस! दिवस नाही.

माझ्या एका मैत्रिणीची आई उत्तनला राहते. ख्रिसमसच्या आधी घरी द्राक्षांची वाइन करते. तिला ऑक्सिडेशन वगैरे शब्द सांगायची गरज नाही. ती बाटल्या नेहमी गळ्यापर्यंत भरते आणि उरलेली वाइन मोठ्या बाटलीत अर्धवट न ठेवता लहान बाटल्यांत वाटून टाकते. ‘हवा लागली की गेली,’ एवढंच तिचं वाक्य. खोक्यातली पिशवी हेच करते, फक्त प्रत्येक ग्लासाला, आपोआप.

हा खोका जन्मला ऑस्ट्रेलियात. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरी नदीकाठी रेनमार्क नावाचं गाव आहे. तिथल्या टॉम अँगोव्ह या वाइनवाल्याने १९६५ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात एक गॅलनची पिशवी घालून पेटंट घेतलं. सुरुवातीला तोटी नव्हतीच. पिशवीचा कोपरा कात्रीने कापायचा, वाइन ओतायची आणि कोपऱ्याला चिमटा लावून ठेवायचा! आपण फरसाणाचं पाकीट बंद करतो तसं. दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, चार्ल्स माल्पस नावाच्या संशोधकाने पेनफोल्ड्स कंपनीबरोबर तोटीवाली पिशवी आणली आणि मग गाडी सुसाट सुटली. त्याच्याही आधी, १९५५ मध्ये, अमेरिकेत विल्यम शोले यांनी खोक्यातल्या पिशवीची आयडिया काढली होती ती बॅटरीतल्या अ‍ॅसिडसाठी. (हे वाक्य घरच्यांना वाचून दाखवू नका.) तसं बघायला गेलं तर मल्टिप्लेक्समध्ये मशीनमधून येणाऱ्या कोल्ड्रिंकचं सिरपही अशाच खोक्यातल्या पिशवीतून येतं. तिथे आपण कधी नाक मुरडलंय?

नाक मुरडतो ते वाइनच्या बाबतीत. का? तर खोका ‘चीप’ दिसतो. इथे मला आजी आठवते. एके काळी मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, वर पातळ फॉइलचं बूच. नंतर पिशव्या आल्या तेव्हा तिचं म्हणणं, ‘प्लॅस्टिकमधलं कसलं दूध!’ आज आपल्यापैकी कितीजण बाटलीतलं दूध आणतात? पिशवी कापतो, पातेल्यात ओततो, विषय संपला. स्क्रू कॅपचंही तेच झालं. फिरवून उघडायची वाइन म्हणजे हलकी, असं म्हणणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. आता आपल्याकडच्या रोजच्या वाइन्सना सर्रास स्क्रू कॅप असते आणि कॉर्क-स्क्रू कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे कुणाला आठवतही नाही.

अर्थात खोक्याची बदनामी अगदीच हवेतून आलेली नाही. ऑस्ट्रेलियात खूप वर्षं त्यात भरली जायची ती सगळ्यात स्वस्त, गोडसर, ओळखपाळख नसलेली वाइन. तिथल्या कॉलेजच्या पोरांनी तिचं नाव ठेवलं ‘गून’. पिशवी खोक्यातून काढायची, अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या गोल फिरत्या स्टँडला टांगायची आणि स्टँड फिरवायचा. पिशवी ज्याच्यासमोर थांबेल त्याने प्यायची. असा खेळच आहे त्यांचा! अशा करिअरनंतर कुणाची इज्जत राहील? पण हा दोष पिशवीचा नाही, पिशवीत काय भरलं त्याचा आहे. स्टीलच्या डब्यात काल उरलेली भाजी दिली म्हणून डबा वाईट ठरत नाही.

उलट उदाहरण स्वीडनचं. तिथे वाइनची जवळजवळ सगळी किरकोळ विक्री सिस्टमबोलागेट नावाच्या सरकारी दुकानांतून होते आणि त्या दुकानांत लिटरच्या हिशोबाने अर्ध्याहून जास्त वाइन खोक्यातून विकली जाते. अर्ध्याहून जास्त! वाइनचं माहेर समजल्या जाणाऱ्या फ्रान्समध्येही सुपरमार्केटच्या शेल्फवर खोक्यांनी चांगली जागा पटकावली आहे. या लोकांना चव कळत नाही असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पण मी पडले पत्रकार. ऐकीव गोष्टींवर कॉलम भरायचा नाही, असं मास कॉमच्या सरांनी बजावलेलं. योगायोगाने मेलबर्नची मावसबहीण सुट्टीवर येणार होती. परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटी न भरता आणता येते. तीन लिटरचा खोका त्यात बसत नाही, पण ऑस्ट्रेलियात दोन लिटरचे खोकेही मिळतात. अगदी कस्टम्सचा नियम बघून बनवल्यासारखे! तिने दोन लिटर शिराझ आणली. सूटकेसमध्ये, कपड्यांच्या मध्ये, काच फुटायचं टेन्शन नाही. वजनाचा हिशोबही बघा. रिकामी बाटली अर्धा किलोच्या आगेमागे असते. तीन लिटर वाइनसाठी चार बाटल्या, म्हणजे जवळजवळ दोन किलो नुसती काच. खोका आणि पिशवी मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास.

खोका उघडला. तारीख मार्करने वरच लिहिली. बावीस दिवसांनी, रविवारी संध्याकाळी, काही जणांना बोलावलं, त्यातले दोन बोरिवलीचे आणि एक थेट विरारहून उलट्या लोकलने आलेला. तीन स्टीलचे तांबे घेतले. (भाईंदर पूर्व म्हणजे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचं गाव, तांब्यांना काय तोटा!) ‘अ’मध्ये बावीस दिवसांपूर्वी उघडलेला खोका. ‘ब’मध्ये त्याच क्षणी उघडलेली नाशिकची शिराझ. ‘क’मध्ये तीच नाशिकची शिराझ, पण पाच दिवसांपूर्वी उघडून फ्रीजमध्ये ठेवलेली. कुठल्या तांब्यात काय, हे फक्त रूममेटला ठाऊक. मीही डोळे झाकून, म्हणजे खरं तर किचनबाहेर बसून.

निकाल? ‘क’ सगळ्यांनी शेवटी टाकली. सगळ्यांनी, एकमताने. विरारवाला तर म्हणाला, ‘ही आजारी आहे का?’ पहिल्या नंबरसाठी मात्र भांडण झालं. मला धरून पाच चाखणारे, त्यातल्या तिघांनी ताजी उघडलेली बाटली निवडली, दोघांनी खोका. मी ‘ब’वाल्यांत होते. मला तिच्यात मिरपूड आणि काळ्या जांभळासारखं काहीतरी जास्त स्पष्ट लागलं. खोक्यातली सरळ, रसाळ, थोडी जॅमसारखी होती. पण बावीस दिवसांनी ती ताज्या बाटलीच्या बरोबरीने शर्यतीत होती, हे महत्त्वाचं. पुढे पाचव्या आठवड्यात मला तिच्यातला तजेला कमी झालेला जाणवला. पिण्यासारखी होती, पण फ्लॅट. त्यानंतर उरलेली मी मटणात घातली. मटण सही झालं होतं.

म्हणजे खोका सगळ्यांत भारी, असं म्हणायचं का? छे. प्लॅस्टिकची पिशवी काचेइतकी हवाबंद नसते. अगदी थोडी हवा ती आत झिरपू देते. त्यामुळे न उघडलेला खोकाही साधारण वर्षभरात संपवावा लागतो. मुलीच्या लग्नात उघडू म्हणून जपून ठेवायची वाइन खोक्यात भरणं म्हणजे गुन्हा. पण खरं सांगा, तुमच्या घरात अशी वाइन आहे? नाशिकची शेना ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, झिन्फॅन्डेल रोझे या वाइन्स मुळात एक-दोन वर्षांत, ताज्या असताना प्यायच्या. द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडायची, आणि पुढच्या हंगामाच्या आत बरीचशी वाइन कुणाच्या तरी ग्लासात. नेमक्या अशाच वाइनसाठी खोका बनलेला आहे.

आता कळीचा मुद्दा. केबिन रोडवर मिळतो का? मी स्टेशनच्या आसपासच्या तीन दुकानांत विचारलं. पहिल्या दुकानदाराने अदबीने विचारलं, ‘मॅडम, गिफ्ट द्यायचंय का?’ आणि बाटली ठेवायचा सोनेरी पुठ्ठ्याचा डबा काढून दाखवला. दुसऱ्याने डोक्यावरून पाणी गेल्यासारखं बघितलं. तिसरा म्हणाला, ‘असलं इकडे चालत नाही.’ आपल्याकडच्या ‘वाइन शॉप’ या पाटीची मला कायम मौज वाटते. व्हिस्की, रम, बिअर, सगळं असतं, फक्त वाइन शोधावी लागते! आणि ती शोधायला जाळीपुढच्या गर्दीत, पुरुषांच्या कोपरांमधून हात घालून उभं राहायचं. मी तीस वर्षांची व्हायला आले, कमावते, पण पिशवीत बाटल्या किणकिणल्या की वॉचमनकाकांपासून दुसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांचे कान टवकारतात. महिन्यातून चार वेळा हा सोहळा करायचा की एकदा? खोक्याचा हा फायदा स्वीडनच्या बायकांना कळणार नाही, भाईंदरच्या बायकांना लगेच कळेल. खोका वाजत नाही.

मध्यंतरी आशा वाटली होती. २७ जानेवारी २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. भरपूर गदारोळ झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. विरोध करणाऱ्यांचं सगळंच म्हणणं मला पटत नाही, पण एक मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. शेजारच्या कर्नाटकात व्हिस्की-रम छोट्या टेट्रापॅकमध्ये मिळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये एका ट्रेडमार्कच्या खटल्यात असे पॅक समोर आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने काळजी व्यक्त केली, की हे दिसायला ज्यूससारखे आहेत, मुलं शाळेत नेतील. बरोबरच आहे. पण खिशात मावणारं पाकीट वेगळं आणि दोन-तीन लिटरचा खोका वेगळा. तो दप्तरात काय, माझ्या ऑफिस बॅगेतही मावत नाही.

तोपर्यंत आपल्या हाती काय? कॅन. आकाराचा तोच प्रश्न आपल्या नाशिक-अकलूजवाल्यांनी दुसऱ्या टोकाने सोडवलाय. २०१९ मध्ये नाशिकच्या सुलाने ‘दिया’ नावाची हलकी, फसफसणारी वाइन ३३० मिलीच्या कॅनमध्ये आणली. पाठोपाठ सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या फ्रातेल्लीने ‘टिल्ट’ नावाने कॅन काढले. फसफसणाऱ्या वाइनसाठी कॅनच बरा, कारण गॅसमुळे पिशवी फुगून बसेल. एकट्या माणसाच्या एका संध्याकाळी कॅन मस्त जमतो. किंवा ३७५ मिलीची अर्धी बाटली घ्या, मिलीमागे थोडी महाग पडते, पण बेसिनमध्ये काही जात नाही. बाकी, परवाना नावाची चीज महाराष्ट्रात अजून आहे, आणि तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा काढता येतो, हे माझ्या वयाच्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

आणि कुणी परदेशातून खोका आणणारच असेल, तर चार गोष्टी सांगून ठेवते. दुकानातच भरल्याची किंवा ‘बेस्ट बिफोर’ तारीख बघायला सांगा. जितकी ताजी तितकं उत्तम. घरी आल्यावर खोका फ्रीजवर किंवा गॅसच्या ओट्याशेजारी ठेवू नका, मे महिन्यात तिथे वाइनचा काढा होतो. उघडल्यावर रेड असली तरी फ्रीजमध्येच ठेवा. ‘रेड रूम टेम्परेचरला प्यावी’ हे युरोपातल्या रूमबद्दल आहे, आपल्या ३३ डिग्रीवाल्या हॉलबद्दल नाही! प्यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं ग्लासात काढून ठेवली की झालं. शेवटी तोटी फुर्र करायला लागली की खोका फाडून पिशवी बाहेर काढा आणि हाताने पिळा. एखादा ग्लास हमखास निघतो. श्रीखंडाचा डबा चाटणाऱ्या समाजाला हे वेगळं सांगायला नको.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो मला बाटलीपेक्षा जास्त वाटतो. खोक्यात पातळी दिसत नाही. बाटली अर्धी झाली की डोळ्यांना कळतं, खोका शेवटपर्यंत निर्विकार चेहऱ्याने बसलेला असतो. तोटी दाबणं इतकं सोपं, की ‘अजून अर्धा’ कधी होतो पत्ता लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. मी प्रवचन देणार नाही, मी स्वतः पिते. पण आमच्या घरी उपाय सापडला. किचनमधल्या वजनकाट्यावर शुक्रवारी खोका ठेवायचा आणि आकडा खोक्यावरच लिहायचा. पहिल्या आठवड्यात ३१० ग्रॅम गेले, म्हणजे दोघींत मिळून दोन ग्लास. दुसऱ्या आठवड्यात ६४०. कोणी प्यायली यावरून रूममेटशी पाऊण तास वाद झाला. काट्यापुढे बोलायची सोय नाही, हे त्या निमित्ताने दोघींना समजलं.

राहिला कचरा. खोका हलका, ट्रकमध्ये जास्त मावतो, डिझेल कमी जळतं, त्यामुळे पर्यावरणवाले त्याचं कौतुक करतात. पुठ्ठा रद्दीत जातो, उत्तम. पण पिशवी? ती दोन-तीन थरांच्या प्लॅस्टिकची, कधी आत चंदेरी मुलामा. आमच्या भंगारवाल्याने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. बाटलीचे तो पैसे देतो. इथे पहिला नंबर काचेचाच. ऑस्ट्रेलियातल्या पोरांनी रिकाम्या पिशवीवरही उपाय शोधलाय म्हणे. धुवायची, तोटी उघडून फुंकायची, तोटी बंद. झाली उशी! बहिणीने फोनवर शपथेवर सांगितलं. मी करून बघितली. थोडी सळसळते, पण गोव्याच्या रात्रीच्या बसमध्ये पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत मानेखाली व्यवस्थित टिकली.